अमेरिकेतल्या एका शेतकरी स्त्रीचे माहेर कसे शोधावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले जावई अमेरिकन असून मिसुरी राज्यातल्या जुन्या शेतकरी घराण्यातले आहेत. नातवाला दोन्ही घराण्यांची माहिती असावी म्हणून आपण वंशावळ लिहायला घेतली. आपल्याकडची बाजू त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या आणि घरचे कागद यांतून बरीच मागे गेली, पण जावयांच्या बाजूला त्यांच्या वडिलांकडच्या खापरपणजीपाशी वाट अडली. १८५० च्या जनगणनेत ती नवऱ्याच्या घरी दिसते. वय २२, जन्म केंटकी राज्यातला आणि मांडीवर एक वर्षाचे मूल, एवढीच तिची नोंद आहे. १८६० मध्ये त्याच घरात वेगळ्याच आडनावाची, ६४ वर्षांची एक वृद्धा राहते आहे. खापरपणजी १८९३ मध्ये वारली आणि तिच्या थडग्यावर नवऱ्याचेच आडनाव कोरलेले आहे. इंटरनेटवर तीन वंशावळी सापडतात आणि तिन्हींत तिच्या वडिलांची नावे वेगवेगळी आहेत. यातले खरे कोणते आणि ते ठरवायचे कसे, असे आपण विचारता.

अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या घराण्यांचा शोध घेण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि या प्रश्नाने प्रत्येक वेळी मला तितकेच गुंतवले आहे. म्हणून मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट आधी सांगतो. या बाईंचे माहेर त्यांच्या स्वतःच्या नावाच्या कागदांत सापडण्याची शक्यता फार कमी आहे. ते सापडेल त्यांच्या वडिलांच्या मृत्यूनंतर झालेल्या वाटणीच्या कागदांत, आणि तिथे त्यांची ओळख बहुधा नवऱ्याच्या नावामागे उभी असलेली पत्नी अशीच असेल. आपल्याकडे बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले की त्या एका कागदात साऱ्या लेकी, त्यांची सासरची आडनावे आणि गावे एकत्र येतात. अमेरिकेतही नेमके हेच घडत असे. तेव्हा तिचा जन्म कुठे नोंदला आहे, या प्रश्नाऐवजी तिच्या नवऱ्याचा सासरा केव्हा वारला आणि त्याची जमीन कोणी वाटून घेतली, हा प्रश्न हातात घ्यावा.

असे का, हे समजण्यासाठी त्या काळचा कायदा थोडा पाहावा लागतो. इंग्लंडकडून आलेल्या प्रथेप्रमाणे विवाहित स्त्रीचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्याच्या अस्तित्वात विलीन झाले असे मानले जाई. करार करणे, खटला भरणे, जमीन स्वतःच्या नावावर ठेवणे हे तिला स्वतंत्रपणे करता येत नसे. मिसिसिपी राज्याने १८३९ मध्ये आणि न्यूयॉर्कने १८४८ मध्ये विवाहितेच्या मालमत्तेसाठी कायदे केले आणि नंतर इतर राज्ये एकेक करून त्या वाटेने गेली, पण शेतकरी घरांतले व्यवहार पुढे दीर्घकाळ जुन्याच वळणाने चालत राहिले. त्यामुळे करयादी, मतदारयादी आणि जमिनीचा मूळ दाखला या सगळ्यांत पुरुषाचे नाव येते. जन्ममृत्यूच्या नोंदीही तेव्हा नव्हत्या म्हटल्या तरी चालेल. मॅसॅच्युसेट्सने १८४१ मध्ये राज्यभर नोंदणी सुरू केली खरी, पण मिसुरीमध्ये ती टिकाऊ रूपात १९१० मध्ये आली आणि केंटकीत १९११ मध्ये. १८२८ च्या सुमारास केंटकीतल्या एखाद्या शेतावर जन्मलेल्या मुलीचा जन्मदाखला शोधण्यात वेळ घालवू नये, कारण तो कधी लिहिलाच गेला नव्हता.

आता जनगणनेकडे वळू. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना झाली, परंतु १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत आणि बाकीची माणसे वयोगटांच्या रकान्यांत केवळ आकड्यांनी मोजत. घरातल्या गुलाम नसलेल्या प्रत्येक व्यक्तीचे नाव पहिल्यांदा लिहिले गेले ते १८५० मध्ये, आणि तोपर्यंत आपल्या या बाई सासरी गेल्या होत्या. म्हणजे अवघ्या दोनतीन वर्षांच्या फरकाने त्यांचे माहेरचे नाव जनगणनेतून निसटले. कुटुंबप्रमुखाशी नाते काय, हा रकाना १८८० मध्ये आला आणि आईवडिलांची जन्मराज्येही त्याच वर्षी विचारली गेली. १८८० मध्ये त्या हयात होत्या, म्हणून ते पान आधी काढा आणि आई व वडील कोणत्या राज्यात जन्मले असे लिहिले आहे ते टिपून ठेवा. पुढे ज्यांना त्यांची भावंडे मानायचे, त्यांच्या १८८० च्या नोंदीतही तीच दोन राज्ये असायला हवीत. निदान तफावत असेल तर तिचे कारण सांगता यायला हवे. १८९० ची जनगणना जवळजवळ संपूर्ण गेलेली आहे. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली, त्यात आणि त्यानंतरच्या हेळसांडीत ते कागद नष्ट झाले. या बाई १८९३ मध्ये वारल्यामुळे त्यांच्या अखेरच्या दशकाबद्दल ही पोकळी राहणारच.

वयावर फार भिस्त ठेवू नये. प्रगणकाला उत्तरे नवऱ्याने दिली, मोठ्या मुलाने दिली की शेजाऱ्याने, हे त्या पानांवरून कळत नाही, आणि दहा वर्षांत एखादी बाई आठच वर्षांनी मोठी झालेली दिसणे अगदी नेहमीचे आहे. नावांचेही तसेच. मेरीला पॉली, साराला सॅली, मार्थाला पॅट्सी, मार्गारेटला पेगी आणि एलिझाबेथला बेट्सी म्हणत, आणि कारकून ऐकू आले तसे लिहीत. जुन्या कागदांतले नातेवाचक शब्दही आजच्या अर्थाने घेऊ नयेत. सासू या अर्थाचा इंग्रजी शब्द सावत्र आईसाठीही वापरला जाई, आणि दोन पुरुषांच्या नावांपुढे थोरला आणि धाकटा असे लावलेले असले तरी ते बापलेक असतीलच असे नाही. एकाच गावात एकाच नावाची दोन माणसे राहत होती, इतकाच कधीकधी त्याचा अर्थ असे.

पहिले प्रत्यक्ष काम म्हणजे लग्नाची नोंद. थोरले मूल १८५० मध्ये एक वर्षाचे आहे, म्हणजे लग्न १८४७ ते १८४९ च्या दरम्यानचे धरावे आणि ते मिसुरीत तसेच केंटकीतही शोधावे, कारण लग्न आधी आणि स्थलांतर नंतर झालेले असू शकते. केंटकीत लग्नापूर्वी नवरा मुलगा आणि एक जामीनदार मिळून काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कार्यालयात हमीपत्र लिहून देत. हा जामीनदार पुष्कळदा वधूचा बाप किंवा भाऊ असे. वधू २१ वर्षांखालची असेल तर वडिलांची किंवा पालकाची संमतीची चिठ्ठी लागे आणि अशा काही चिठ्ठ्या आजही हमीपत्राबरोबर घडी घालून ठेवलेल्या सापडतात. मिसुरीच्या नोंदी बहुधा त्रोटक असतात. दोन नावे, तारीख आणि लग्न लावणाऱ्या पाद्र्याचे किंवा न्यायाधिकाऱ्याचे नाव, इतकेच त्यांत मिळते. पण पाद्र्याचे नाव कळले की पंथ कळतो आणि पंथ कळला की कोणत्या चर्चची दप्तरे शोधायची ते ठरते.

इथे एक इशारा द्यायलाच हवा, कारण तो मी स्वतः किंमत मोजून शिकलो आहे. एका घराण्याच्या कामात लग्नाच्या नोंदीत वधूचे जे आडनाव होते ते माहेरचे समजून मी आठ महिने त्या आडनावाच्या साऱ्या कुटुंबांमागे फिरलो. पुढे एका वारसाच्या प्रकरणातल्या कागदावरून उघड झाले की ते तिच्या पहिल्या नवऱ्याचे आडनाव होते. ती १९ व्या वर्षी विधवा झाली होती आणि नोंदीत तसा कुठेच उल्लेख नव्हता. तेव्हापासून लग्नाच्या नोंदीतले आडनाव मी फक्त लग्नाच्या दिवशीचे आडनाव मानतो आणि त्याआधी तीनचार वर्षांत त्याच नावाच्या मुलीचे दुसरे लग्न नोंदलेले नाही ना, हे तपासतो.

यानंतरचे काम या शोधाचा खरा गाभा आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. एखादा जमीनदार शेतकरी मृत्युपत्र न करता वारला की काउंटीचे न्यायालय व्यवस्थापक नेमी, मालमत्तेची यादी होई, जंगम वस्तूंचा लिलाव होई, देणी फेडली जात आणि उरलेले वारसांत वाटले जाई. या प्रत्येक टप्प्याचा कागद वेगळा असतो. लिलावाच्या यादीत प्रत्येक वस्तू कोणी किती पैशांना घेतली हे लिहिलेले असते, आणि जावई, मुलगे व शेजारी तिथे हमखास भेटतात. वाटणीच्या पावतीत नवऱ्याची सही असते आणि ‘माझ्या पत्नीच्या वाट्यापोटी’ अशा अर्थाचे शब्द असतात. अशी एक पावती हाती लागली तरी काम झाले. वारसांत एकमत नसले तर जमिनीच्या वाटणीचा दावा लागे. त्या दाव्यात प्रत्येक वारसाचे नाव, प्रत्येक विवाहित मुलीचे सासरचे आडनाव, तिच्या नवऱ्याचे नाव आणि राहण्याचे ठिकाण लिहिणे भागच असे. एखादी मुलगी बापाच्या आधी वारली असेल तर तिची मुले तिच्या जागी येत, म्हणून नातवंडेही तिथे नावानिशी मिळतात. भाऊबंदांतले भांडण त्या कुटुंबाला क्लेशाचे झाले असेल, पण त्यानेच आपल्यासाठी संपूर्ण घराणे एका कागदावर मांडून ठेवले.

वारसांनी आपापला हिस्सा एका भावाला विकल्याची खतेही तितकीच मोलाची असतात. मात्र ती शोधताना एक अडचण येते. काउंटीच्या खतांच्या सूचीमध्ये अशा खताखाली बहुधा फक्त पहिल्या वारसाचे नाव आणि त्यापुढे ‘आणि इतर’ एवढेच लिहितात. आपल्या खापरपणजोबांचे नाव सहाव्या किंवा सातव्या क्रमांकावर असेल तर ते सूचीत कधीच दिसणार नाही. म्हणून खापरपणजोबांच्या नावाची सूची तपासून थांबू नये. ज्या ज्या आडनावांबद्दल संशय आहे, त्या प्रत्येकाचे ‘आणि इतर’ असे खत काढून पूर्ण वाचावे. गेल्या काही वर्षांत या कामाला एक मोठी मदत मिळाली आहे. सॉल्ट लेक सिटीतल्या फॅमिलीसर्च या विनामूल्य संकेतस्थळाने जमीन आणि वारसाच्या हस्तलिखित नोंदी यंत्राकडून वाचून घेऊन त्यांतला कोणताही शब्द शोधण्याची सोय २०२४ पासून दिली आहे. पूर्वी ज्या नावासाठी मी काउंटीच्या वह्या पानोपान चाळत असे, ते नाव आता आतल्या ओळीतूनही वर येते. खापरपणजोबांचे पूर्ण नाव, काउंटीचे नाव आणि वारस या अर्थाचा इंग्रजी शब्द असे एकत्र टाकून पाहा. यंत्र अक्षरे चुकीची वाचते, म्हणून स्पेलिंगचे चारपाच प्रकारही करून पाहावेत.

जमिनीच्या खतांत स्त्री आणखी एका कारणाने येते. विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या एकतृतीयांश भागावर हयातभर हक्क असे, म्हणून नवरा जमीन विकायला निघाला की घेणारा तिची संमती मागे. न्यायाधिकारी तिला नवऱ्यापासून वेगळे बसवून, ही संमती तू स्वखुशीने देतेस ना, असे विचारी आणि तसे खतावर लिहून ठेवी. या नोंदीतून माहेर कळत नाही, पण अमुक तारखेला ती जिवंत होती, सही करू शकत होती की नुसती फुली काढत होती आणि तिला कोणत्या नावाने हाक मारत, हे कळते. विशेष म्हणजे खापरपणजोबांनी जी जमीन विकली ती मुळात त्यांच्याकडे कशी आली, हे खताच्या मजकुरावरून तपासावे. ती सासऱ्याकडून नाममात्र किमतीला मिळालेली असू शकते, आणि मुलीला दिलेली वडिलोपार्जित जमीन कागदावर जावयाच्या नावे आलेली अशीच दिसते.

कोणत्या आडनावांवर संशय घ्यायचा, हे शेजार सांगतो. अमेरिकेतल्या नामवंत वंशशोधक एलिझाबेथ शोन मिल्स यांनी ही पद्धत नीट मांडली. व्यक्तीचा थेट माग लागत नसेल तर तिचे कुटुंब, सोबती आणि शेजारी यांचा अभ्यास करावा, असे त्या सांगतात. त्या काळी शेतकऱ्यांची मुले घोड्यावरून एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्याच टापूत सोयरिकी करत. शिवाय केंटकीतून मिसुरी नदीकाठच्या ज्या भागाला पुढे ‘लिटल डिक्सी’ म्हणू लागले तिकडे लोक गेले ते एकेकटे गेले नाहीत. भाऊ, मेहुणे, एकाच चर्चचे सभासद अशा जथ्यांनी ते गेले आणि नव्या जागीही शेजारी शेजारी राहिले. म्हणून १८५० च्या पानावर खापरपणजोबांच्या घराच्या अलीकडची बारा आणि पलीकडची बारा घरे उतरवून घ्या. त्यांतली केंटकीत जन्मलेली कुटुंबे वेगळी काढा. मिसुरीत सरकारने जमीन सहा मैल चौरसाच्या चौकोनांत मोजली होती आणि प्रत्येक चौकोनात ६४० एकरांचे ३६ भाग केले होते, त्यामुळे मूळ दाखल्यांवरून कोणाचे शेत कोणाच्या बांधाला लागून होते याचा नकाशा तुम्हाला घरबसल्या काढता येईल. केंटकीत अशी मोजणी नव्हती. तिथे झाडे, ओढे आणि दगड यांच्या खुणांनी सीमा लिहीत, म्हणून तिथला नकाशा काढणे कष्टाचे आहे, पण केंटकीच्या वार्षिक करयाद्या १७९२ पासूनच्या असल्यामुळे कोणते कुटुंब कोणत्या वर्षी यादीतून नाहीसे झाले, म्हणजे केव्हा तिथून निघाले, हे त्या नेमके दाखवतात.

संशयित कुटुंबे चारपाच उरली की १८३० आणि १८४० च्या आकडेवारीकडे परत जावे. १८२८ च्या सुमारास जन्मलेली मुलगी १८३० मध्ये पाच वर्षांखालच्या रकान्यात आणि १८४० मध्ये दहा ते पंधरा वर्षांच्या रकान्यात असायला हवी. ज्या घरात दोन्ही वेळा हे रकाने रिकामे आहेत ते घर तूर्त मागे ठेवता येते. मात्र रकान्यात एक मुलगी दिसली म्हणून ती आपलीच असे म्हणता येत नाही, कारण ती पुतणी असेल, घरकामाला ठेवलेली पोर असेल किंवा बालपणीच वारलेली दुसरी लेक असेल. काउंटीच्या सीमाही या काळात सारख्या बदलत होत्या. कुटुंब जागचे हलले नसतानाही त्याचे कागद तीन वेगवेगळ्या काउंट्यांच्या कार्यालयांत असू शकतात. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने या बदलत्या सीमांचा जो नकाशासंग्रह तयार केला आहे तो यासाठी उघडून ठेवावा.

भावंडे आणि मुले यांच्या बाजूने येणारी वाट अनेकांच्या लक्षात येत नाही. खापरपणजी १८९३ मध्ये गेली, म्हणून तिचा मृत्युदाखला मिळणार नाही, पण तिची मुले आणि एखादा धाकटा भाऊ किंवा बहीण १९१० नंतर मिसुरीत वारली असतील तर त्यांचे दाखले राज्याच्या अभिलेखागाराने विनामूल्य खुले केले आहेत. मुलाच्या दाखल्यावर आईचे माहेरचे आडनाव विचारलेले असते आणि भावंडाच्या दाखल्यावर दोन्ही पालकांची नावे. सर्व मुलांचे दाखले काढा, एकावर समाधान मानू नका. ही माहिती देणारा जावई किंवा नातू असे आणि आजीचे माहेर त्याला ऐकून ठाऊक असे. चार मुलांच्या दाखल्यांवर चार वेगळ्या माणसांनी एकच आडनाव सांगितले असेल तर त्याला वजन येते. मुलांची मधली नावेही पाहावीत. आईचे माहेरचे आडनाव मुलाचे मधले नाव म्हणून ठेवण्याची प्रथा केंटकी आणि मिसुरीत चांगलीच रुजलेली होती, पण राष्ट्राध्यक्षांची आणि पाद्र्यांची नावेही तशीच ठेवत, तेव्हा ही केवळ दिशा मानावी.

निवृत्तिवेतनाच्या फायली म्हणजे खजिनाच आहेत. तिच्या वडिलांचा जन्म १७९० च्या आसपासचा धरला तर ते इंग्लंडविरुद्धच्या १८१२ च्या युद्धात केंटकीच्या सैन्यातून लढलेले असू शकतात. त्या युद्धातल्या सैनिकांना आणि विधवांना १८७१ च्या कायद्याने निवृत्तिवेतन मिळाले, आणि १८७८ मध्ये अट सैल होऊन १४ दिवसांची सेवाही पुरेशी ठरली. विधवेला आपले लग्न सिद्ध करावे लागे. त्यासाठी शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे आणि कधी घरच्या बायबलमधून फाडून दिलेले जन्मविवाहांचे पान फायलीला जोडलेले असे. यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने लढून मेलेल्या सैनिकाच्या विधवेला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईला १८६२ च्या कायद्याने असाच हक्क मिळाला. बायबलचे पान मिळाले तर त्या प्रतीचे प्रकाशनवर्ष अवश्य पाहा. छपाई १८७० ची आणि १८२८ पासूनच्या साऱ्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणाच्या असतील, तर त्या नंतर कोणीतरी आठवणीने किंवा दुसरीकडून उतरवून लिहिलेल्या आहेत.

डीएनएबद्दल आपण विचारले आहे. जावयांची चाचणी करण्यापेक्षा आपल्या व्याह्यांची करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. खापरपणजीचा अंश जावयांमध्ये सरासरी सव्वासहा टक्के असेल, व्याह्यांमध्ये त्याच्या दुप्पट. तिच्या भावंडांच्या पणतवंडांशी व्याह्यांचे नाते तिसऱ्या पायरीच्या चुलतभावंडांचे होते आणि असे दहांपैकी साधारण नऊ नातलग चाचणीत जुळतात. जावयांच्या बाबतीत एक पायरी वाढते आणि हे प्रमाण बरेच खाली येते. आईकडून मुलीकडे जाणाऱ्या मायटोकाँड्रियल डीएनएचा उपयोग मात्र या दोघांनाही नाही, कारण ते तिच्या मुलाच्या वंशातले आहेत. त्यासाठी तिच्या लेकीच्या लेकीची लेक अशी अखंड साखळी शोधावी लागेल.

ही शेवटची पद्धत काय करू शकते याचे सर्वांत चांगले उदाहरण अब्राहम लिंकनच्या आईचे, नॅन्सी हँक्सचे आहे. ती शेतकऱ्याची बायको होती. १८१८ मध्ये इंडियानात, विषारी वनस्पती खाल्लेल्या गाईच्या दुधातून होणाऱ्या आजाराने ती वारली तेव्हा लिंकन नऊ वर्षांचा होता. पुढे मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला तरी तिचे आईवडील कोण याबद्दल शंभराहून अधिक वर्षे वाद चालला. ती ल्यूसी हँक्सची लग्नाआधीची मुलगी, असे एक पक्ष म्हणे. दुसरा पक्ष तिला शिपली घराण्यातल्या एका विवाहितेची औरस मुलगी ठरवू पाही. तिच्या लग्नाचे जून १८०६ चे हमीपत्र, ज्यावर रिचर्ड बेरी जामीनदार आहे, लिंकनच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी केंटकीतल्या वॉशिंग्टन काउंटीच्या दप्तरात मिळाले, पण त्यानेही आईचा प्रश्न सुटला नाही. नॅन्सीची एकुलती लेक सारा १८२८ मध्ये बाळंतपणात गेल्यामुळे तिची स्वतःची स्त्रीशाखाच संपली होती. शेवटी हँक्स आणि शिपली या दोन्ही घराण्यांतल्या स्त्रियांच्या अखंड शाखांमधले आजचे वंशज शोधून त्यांचा डीएनए जुळवून पाहण्यात आला आणि २०१५ मध्ये ल्यूसीच्या बाजूने निर्णय लागला. लक्षात घ्या, चाचणी सोपी होती. अवघड होते ते कागदांवरून प्रत्येक शाखेतली प्रत्येक आई सिद्ध करणे, आणि ते काम आधी झाल्यामुळेच चाचणीला अर्थ आला.

आणखी एका गोष्टीबद्दल मोकळेपणाने बोलायला हवे. केंटकीतून लिटल डिक्सीत आलेल्या घरांत गुलाम बाळगणारी कुटुंबे पुष्कळ होती. खापरपणजीच्या वडिलांच्या मालमत्तेची यादी सापडली तर तिच्यात घोडे, नांगर आणि कणग्यांच्या बरोबरीने माणसांची नावे आणि त्यांच्या किमती लिहिलेल्या दिसू शकतात. ते वाचून आपल्याला त्रास होईल. तरीही ती नावे, वये आणि कोणाच्या वाट्याला कोण गेले हे सारे जसेच्या तसे उतरवून घ्या आणि प्रसिद्ध करा. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचे नाव लिहून त्याखाली फक्त वय, लिंग आणि वर्ण नोंदला आहे, नाव नाही. त्यांची नावे जनगणनेत १८७० मध्ये प्रथम आली. त्यामुळे एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबाला १८७० च्या मागे नेणारा एकमेव कागद आपल्या हातात असलेली हीच यादी असू शकते. आपण ज्या स्त्रीचे माहेर शोधतो आहोत तिच्यापेक्षा कितीतरी कठीण शोध त्या घरातल्या दुसऱ्या स्त्रियांच्या वंशजांपुढे आहे.

तीन वंशावळींपैकी खरी कोणती, याचे उत्तर आज मी देणार नाही, आणि आपणही त्यांतली एक निवडू नये. तिन्ही उघडून प्रत्येक विधानामागे कोणता मूळ कागद आहे ते पाहा. दुसऱ्या वंशावळीचा दाखला हा दाखला नव्हे. वडील म्हणून सुचवलेल्या तिन्ही पुरुषांच्या मृत्यूची वर्षे आणि काउंट्या मात्र टिपून घ्या, कारण त्या तिघांचीही वारसाची प्रकरणे वाचणे हाच पुढचा टप्पा आहे. एखाद्याच्या वारसांची पूर्ण यादी मिळाली आणि तिच्यात खापरपणजोबा किंवा त्यांची पत्नी नसेल, तर नकाराचा तो पुरावाही जपून ठेवा.

सुरुवात मात्र मी १८६० च्या घरातल्या त्या वृद्धेपासून करीन. ६४ व्या वर्षी लेकीच्या आसऱ्याला आलेली विधवा आई, हा पहिला अंदाज चुकीचा नाही, पण त्या वर्षी नात्याचा रकाना नव्हता, त्यामुळे ती मावशी असेल, दुसरे लग्न झालेली खापरपणजोबांचीच आई असेल किंवा निराधार म्हणून ठेवून घेतलेली शेजारीणही असेल. १८५० मध्ये ती कोणाच्या घरी होती ते शोधा. त्या घरात तिच्याच वयाचा पुरुष असेल तर त्याचे वारसाचे प्रकरण १८५० ते १८६० या दहा वर्षांत त्याच काउंटीत असले पाहिजे. शिवाय १८५०, १८६०, १८७० आणि १८८० या जनगणनांबरोबर आधीच्या बारा महिन्यांत वारलेल्यांच्या वेगळ्या याद्या केल्या होत्या, त्यांपैकी १८६० आणि १८७० च्या याद्यांत अनुक्रमे त्या पुरुषाचे आणि तिचे नाव पाहा. खापरपणजी जिथे पुरली आहे त्या दफनभूमीतल्या १८६० नंतरच्या सर्व स्त्रियांच्या दगडांची छायाचित्रे मागवा. त्या काळी नवरा हयात असताना गेलेल्या स्त्रीच्या दगडावर ‘कन्सॉर्ट’ आणि विधवेच्या दगडावर ‘रेलिक्ट’ असा शब्द कोरत, आणि त्यापुढे नवऱ्याचे पूर्ण नाव असे. त्या वृद्धेच्या दगडावर तो एक शब्द आणि एक नाव मिळाले तर कोणाचे वारसाचे प्रकरण उघडायचे ते आपल्याला कळेल.